झेड-८० चं सीपी/एम २.२ आता ८०८५ वर: बायोसमध्ये काय काय बदलावं लागेल?

आठ_बिट
बोर्ड असा: ८०८५ प्रोसेसर, ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ६४ केबी रॅम, सीरियल पोर्टची चिप ८२५१, टायमर ८२५३ आणि डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा बायोस (हार्डवेअरशी बोलणारा भाग) मात्र झेड-८० प्रोसेसरसाठी लिहिलेला आहे. सीसीपी (आज्ञा वाचणारा भाग) आणि बीडॉस (फायली सांभाळणारा भाग) मुळात ८०८० चेच, आणि ८०८० च्या सूचना ८०८५ वर चालतात, तेव्हा त्यांची अडचण नसावी. पण साइन-ऑन संदेशही पुरता येत नाही, बोर्ड दर वेळी वेगळ्याच ठिकाणी गप्प होतो. रॅमची चाचणी व्यवस्थित होते. झेड-८० च्या सूचना बदलून भागेल की बायोस नव्याने लिहावा?

झिरोपेज
बदलून भागेल, पण डोळे मिटून शोध-आणि-बदला करू नका.

गोम अशी की परकी सूचना आली तरी ८०८५ थांबत नाही. एलडीआयआर ही झेड-८० ची बाइटांचा गठ्ठा कॉपी करणारी सूचना, म्हणजे ईडी बी० हे दोन बाइट. ८०८५ वर ईडी ही इंटेलने मॅन्युअलमध्ये न छापलेली सूचना आहे: डीई या रजिस्टर-जोडीतल्या पत्त्यावरचे दोन बाइट ती एचएल या जोडीत भरते. पाठोपाठचा बी० म्हणजे ओआरए बी (ए आणि बी रजिस्टरांचा ओआर, उत्तर ए मध्ये). कॉपी होतच नाही, वर एचएल आणि ए दोन्ही बिघडतात. जेआर एनझेड (निकाल शून्य नसेल तर जवळची उडी) हिचा २० इथे आरआयएम (इंटरप्ट मास्क वाचणारी सूचना) होतो, आणि त्यापुढचा अंतराचा बाइट सूचना म्हणून चालवला जातो.

एलडीआयआरऐवजी हे लूप घाला: मूव्ह ए,एम, स्टॅक्स डी, आयएनएक्स एच, आयएनएक्स डी, डीसीएक्स बी, मूव्ह ए,बी, ओआरए सी, जेएनझेड. डीसीएक्स झीरो फ्लॅगला (निकाल शून्य आल्याची खूण) हात लावत नाही, म्हणून ओआरए सी हवंच. यात ए जातो, एलडीआयआरमध्ये तो शाबूत राहायचा. पुढच्या ओळी तपासा.

सगळ्यात फसवी एसबीसी एचएल,डीई, म्हणजे एचएलमधून डीई वजा करणारी सूचना. दोन एसबीबी (एकेका बाइटची वजाबाकी) लिहून वजाबाकी जमते, पण झीरो फ्लॅग फक्त वरच्या बाइटचा उरतो. खाली जेआर झेड असेल तर शेवटी एच आणि एल ओआर करून पाहावं लागतं, आणि तेव्हा कॅरी पुसला जातो. दोन्ही हवे असतील तर आधी कॅरीवरचा जंप उरका.

आउट (सी),ए (सी रजिस्टरमधल्या क्रमांकाच्या पोर्टला ए पाठवणारी) हिला ८०८५ वर जोडच नाही. इथे पोर्टचा क्रमांक सूचनेतच असतो, म्हणून प्रत्येक पोर्टला वेगळं रुटीन लिहा.

सोल्डरवाला
दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल तर आधी ट्रॅप या इंटरप्टची पिन बघा. ती मास्क होत नाही, म्हणजे सॉफ्टवेअरने बंद करता येत नाही. मोकळी सोडली तर गोंगाटावरसुद्धा प्रोसेसर ००२४ वर उडी मारतो. थेट ग्राउंड करा.

रीसेटला ०००० वर ईप्रॉम (सुरुवातीचा कोड कायम ठेवणारी चिप) लागतो, सीपी/एमला तिथे रॅम. ७४एलएस७४ मधला एक फ्लिप-फ्लॉप पुरतो: रीसेटनंतर वाचन ईप्रॉममधून, लेखन नेहमी रॅममध्ये. कोड वर कॉपी करा, तिकडे जंप मारा आणि मगच आउटने ईप्रॉम बंद करा. क्रम उलटा झाला तर पायाखालचाच कोड जातो.

आणखी एक. ८०८५ चा क्लॉक आउट ३.०७२ मेगाहर्ट्झ येतो, तेवढा ८२५३ ला झेपत नाही. दोनने भागून १.५३६ करा, काउंटरमध्ये १० भरा; ८२५१ ×१६ मोडमध्ये, म्हणजे मोड शब्द ४ई, असला की बरोबर ९६०० बॉड मिळतो. ८२५१ ची सीटीएस (पाठवायची परवानगी देणारी) पिन लो नसेल तर एक अक्षरही बाहेर पडणार नाही.

आठ_बिट
ट्रॅप खरंच मोकळी होती. आता ए> हा प्रॉम्प्ट येतो, डीआयआर (फायलींची यादी) चालते. दोन प्रश्न उरले: टाइप (फाइल पडद्यावर दाखवणारी आज्ञा) चालू असताना मजकूर थांबवणारं कंट्रोल-एस लागत नाही, आणि बायोस ६४ केच्या मांडणीत मावेनासा झालाय.

झिरोपेज
बायोसचं कॉन्स्ट (कळ दाबली का ते सांगणारं) रुटीन ८२५१ चा स्टेटस ०२ ने मास्क करून तसाच परत देत असणार. बीडॉस त्याचा फक्त शेवटचा बिट पाहतो, त्यामुळे ०२ म्हणजे त्याच्या लेखी कळ दाबलीच नाही. शून्य नसेल तर एफएफ द्या.

जागेचं म्हणाल तर प्रत्येक जेआर दोनाचा तीन बाइट झाला, त्यात ५१२ बाइटचा सेक्टर बफर. ६४ केमध्ये बायोस एफए०० ला सुरू होतो, हातात १५३६ बाइट. ६२ केची मांडणी घ्या: सीसीपी डीसी००, बायोस एफ२००, जागा ३५८४ बाइट. प्रोग्रॅमसाठीचे दोन केबी जातात, पण एमबेसिक किंवा वर्डस्टारला त्याने फरक पडत नाही. टर्बो पास्कल मात्र या बोर्डवर विसरा, त्याला झेड-८० च लागतो.