मदत हवी आहे: बाबांच्या 'पॅकेट'चं पोस्टर

मंडळी, जरा घाईत आहे. पुढच्या महिन्यात बाबांना 82 पूर्ण होतील. साठच्या दशकात ते हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करायचे, चंदीगडला, पॅकेट विमानांवर. त्यांच्या खोलीत लावायला म्हणून मी जुन्या लष्करी मालवाहू विमानांचं सचित्र पोस्टर ऑनलाइन मागवलं. डकोटा, पॅकेट, एएन-12. बाबांनी चष्मा पुसला, पॅकेटच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वरचं जेट कुठंय? हे आमचं नव्हे." मग नीट बघितलं, तर अंगावर अमेरिकन तारा!

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: पॅकेट म्हणजे सी-119. शेपटीकडे जाणाऱ्या दोन दांड्यांच्या मध्ये लटकवलेला मोठा डबाच. लडाखच्या विरळ हवेत त्याच्या दोन पिस्टन इंजिनांना धाप लागायची, म्हणून आपल्याकडे पाठीवर ऑर्फियस नावाचं जेट इंजिन बसवलं. नॅट या लढाऊ विमानाचं इंजिन याच कुळातलं. 1962च्या जुलैत स्क्वाड्रन लीडर राजे लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीच्या धावपट्टीवर, साडेसोळा हजार फुटांवर उतरले ते पॅकेट घेऊनच. ते जेट गाळायचं म्हणजे गणपती काढून सोंड विसरायची.

पुतणी अप्लाइड आर्टला आहे, नवं पोस्टर काढून द्यायला तयार आहे. पण विकतच्या पोस्टरवर तिन्ही विमानं सारख्याच लांबीची होती, तर खरं प्रमाण कसं साधायचं? रंग आणि खुणा कोणत्या काळातल्या घ्यायच्या? आणि छापायचं कशावर? कोपऱ्यावरचा फ्लेक्सवाला "साहेब, एकदम चकाचक देतो" म्हणतोय. त्या चकाचकचीच भीती वाटते.

मॉडेलवेडा:
ए2 कागद उभा घ्या आणि 1:144 प्रमाण धरा, म्हणजे खऱ्याच्या 144वा भाग. बाजूने काढलं तर डकोटा साडेतेरा सेंटिमीटर, पॅकेट सव्वाअठराच्या आसपास, एएन-12 तेवीस. 42 सेंटिमीटर रुंदीत आरामात बसतात, आणि एएन-12 केवढं धूड होतं ते लिहावं लागत नाही. रंगांच्या आधी साल ठरवा. डकोटा 27 ऑक्टोबर 1947ला श्रीनगरलाही उतरलं आणि डिसेंबर 1971मध्ये बांगलादेशातल्या टांगाईलच्या छत्रीउडीतही होतं, पण मधल्या काळात हवाई दलाचं गोल चिन्ह बदललं. बाहेर केशरी, मग पांढरा, आत हिरवा, हे नंतरचं. तुम्ही 1965 धरा, तिन्ही विमानं एकाच वेळी सेवेत होती.

शाईवाला:
फ्लेक्स नको. मॅट आर्ट पेपर घ्या, वर ग्लॉसी लॅमिनेशन अजिबात करू नका, नाहीतर बाबांना विमानाऐवजी ट्यूबलाइट दिसेल. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) ए2 म्हणजे 4961 बाय 7016 पिक्सेल, पुतणीला पहिल्यापासून तेवढ्याच मापात काढायला सांगा. आणि केशरी सांभाळा. स्क्रीनवर झगझगीत दिसणारा केशरी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मळकट होतो. नुसतं गोल चिन्ह चार छटांत छापून बघा, मग पूर्ण पोस्टर. पन्नास-शंभर रुपये जातील, पण पश्चात्ताप वाचेल.

भटकी:
फिटर घरात असताना आम्हाला काय विचारताय? पुतणीला त्यांच्याशेजारी बसवा!

धागाकर्ता:
भटकी, बसवलं. सरप्राइज बोंबललं, पण काल दोन तास चालले होते. जेटची जागा बाबांनी तिसऱ्यांदा पुढे-मागे करायला लावली. शाईवाला, केशरीची दुसरी छटा पसंत पडली. शेवटी तिने पूर्ण स्केच दाखवलं तर म्हणाले, "छान आहे गं. पण इंजिनाखाली तेलाचे ओघळ काढ. इतकं स्वच्छ पॅकेट मी एकदाही पाहिलं नाही."