क्लब शहर सोडून गेला, तर त्याचा इतिहास कोणाचा?

बालेवाडीकर

हैदराबाद एफसी हा इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगमधला संघ २०२५ मध्ये दिल्लीला गेला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. हैदराबादच्या प्रेक्षकांबद्दल वाईट वाटलेच, पण त्याआधी मनात आले ते असे, की २०१९ मध्ये आमच्या पुण्याकडून गेलेली जागा आता त्यांच्याकडूनही गेली. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: २०१४ साली आठ संघांनिशी लीग सुरू झाली, त्यांत एफसी पुणे सिटी होता. २०१७-१८ मध्ये तो उपांत्य फेरीत पोहोचला आणि तिथे बेंगळुरूकडून, खरे म्हणजे एकट्या सुनील छेत्रीच्या हॅट्ट्रिककडून, हरला. त्यानंतर एकच हंगाम झाला आणि पैशाच्या अडचणींत संघ संपला. २०१९ च्याच ऑगस्टमध्ये हैदराबाद एफसीची घोषणा झाली. मार्सेलिन्यो, आदिल खान, निखिल पुजारी, एवढेच काय, प्रशिक्षक फिल ब्राउनसुद्धा नव्या गणवेशात दिसले.

भाच्याची नारिंगी जर्सी अजून माझ्या कपाटात आहे. पाठीवरचा आकडा धुऊन धुऊन निम्मा उडाला आहे. त्याला ती आता डोक्यातूनही जाणार नाही.

विचारायचे आहे ते असे. हैदराबादने २०२२ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवले. ते आता कोणाच्या खात्यावर मांडायचे? आणि पुण्यात पुन्हा संघ यायचाच असेल, तर दुसऱ्या गावाचा उचलून आणलेला चालेल का, की लीगने संघांची संख्या वाढवून नवा द्यावा? जाणकारांनी लिहावे.

जमाखर्च

आधी एक भेद करायला हवा, कारण २०१९ मध्ये दोन संघ गेले आणि दोघांची तऱ्हा वेगळी होती. दिल्ली डायनामोजचा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला, तेव्हा मालक तेच राहिले आणि प्रशिक्षक जोसेप गोम्बाऊही तेच राहिले. कलिंग स्टेडियम मिळाले आणि २०१८ पासून भारतीय हॉकीचे प्रायोजकत्व करणाऱ्या राज्य सरकारचा पाठिंबा मिळाला. याला स्थलांतर म्हणता येईल. पुण्याचे मालक मात्र लीगमधूनच गेले आणि रिकाम्या झालेल्या जागेवर विजय मद्दुरी आणि वरुण त्रिपुरानेनी हे वेगळे मालक आले. भाडेकरू गेला, घर दुसऱ्याला दिले, सामान तेवढे तिथेच राहिले, असा तो प्रकार होता. त्यामुळे पुण्याचा इतिहास हैदराबादला गेलाच नाही; तो कोणीच घेतला नाही.

विजेतेपदाचे म्हणाल, तर त्यात एक गंमत आहे. महामारीमुळे २०२१-२२ चा सगळा हंगाम गोव्यात झाला आणि हैदराबादने त्या वर्षी लीगचा एकही सामना स्वतःच्या शहरात खेळला नाही. २० मार्च २०२२ ला फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सविरुद्ध अंतिम सामना झाला, त्यात ८८ व्या मिनिटाला बरोबरी साधणारा साहिल ताव्होरा गोव्याचा आणि पेनल्टी शूटआउटमध्ये तीन फटके अडवणारा लक्ष्मीकांत कट्टीमणीही गोव्याचाच. म्हणजे करंडकावर नाव हैदराबादचे, मैदान गोव्याचे, आणि लीगमध्ये खेळण्याचा परवाना आज दिल्लीत. नोंदवहीत तो परवान्याबरोबर जाईल, कारण या लीगमध्ये विकले जाते ते परवान्याचे कागद. गाव त्या कागदांवरचा एक रकाना आहे.

मालकांच्या बाजूने दोन शब्द लिहितो, कारण इथे त्यांच्या बाजूने कोणी लिहिणार नाही. संघ हलवायलाच बंदी घातली, तर अनेकदा उरलेला पर्याय कुलूप लावण्याचा असतो आणि मग खेळाडूंच्या करारांचे काय होणार, हा प्रश्न लगेच उभा राहतो. पुण्याला हे सांगायला नको. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली सर्वांत वरची लीग) दुसरा आलेला पुणे एफसी बंद झाला, भारत एफसी एकच हंगाम टिकला, डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही आणि मग सिटीही गेला. यांतला एकही दुसऱ्या गावाला गेला नाही, सगळे जागच्या जागी आटोपले.

ओहायोतला मराठी

मी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये राहतो आणि हा प्रश्न आमच्याकडे थेट न्यायालयात गेला होता, म्हणून सविस्तर लिहितो. कोलंबस क्रू हा मेजर लीग सॉकर या इथल्या फुटबॉल लीगच्या १९९६ मधल्या मूळ दहा संघांपैकी एक. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये मालक अँथनी प्रीकोर्ट यांनी नवे स्टेडियम मिळाले नाही तर संघ टेक्सासमधल्या ऑस्टिनला नेण्याचा विचार जाहीर केला. लोकांनी ‘क्रू वाचवा’ म्हणून पिवळे फलक अंगणात लावले, सभा घेतल्या. पण खरा अडसर ठरला तो राज्याचा एक जुना कायदा. १९९५ मध्ये आर्ट मोडेल यांनी क्लीव्हलँड ब्राउन्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ बाल्टिमोरला नेण्याचे ठरवले, तेव्हा संतापलेल्या ओहायोने कायदा केला, की करदात्यांच्या पैशाचा आधार घेतलेल्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला हलायचे असेल, तर मालकाने सहा महिन्यांची सूचना द्यावी आणि तेवढ्या काळात स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. २०१८ च्या मार्चमध्ये राज्य आणि शहर या कायद्याच्या आधारे न्यायालयात गेले. अखेरीस स्थानिक खरेदीदार पुढे आले, क्रू इथेच राहिला आणि २०२० मध्ये विजेता झाला. प्रीकोर्ट यांना ऑस्टिनमध्ये नवा संघ मिळाला, जो २०२१ पासून खेळतो. एकाचे हिसकावून दुसऱ्याला देण्याऐवजी लीग एका संघाने वाढली.

बालेवाडीकरांच्या इतिहासाच्या प्रश्नाचे उत्तरही ब्राउन्सच्या प्रकरणातच आहे. खेळाडू बाल्टिमोरला गेले, पण नाव, रंग आणि सगळी नोंद क्लीव्हलँडकडे ठेवली गेली आणि १९९९ मध्ये त्याच नावाचा संघ पुन्हा उभा राहिला. सॅन होजे अर्थक्वेक्स या मेजर लीग सॉकरमधल्या संघाचेही तसेच झाले: २००५ अखेर संघ ह्यूस्टनला गेला, नाव आणि विजेतेपदे मागे राहिली, २००८ मध्ये संघ परत आला. आपल्या लीगने एवढे एक कलम करारात घातले असते, तर ‘एफसी पुणे सिटी’ हे नाव आज निदान कुठल्या तरी कपाटात जपलेले असते. (भाच्याच्या जर्सीशेजारी म्हणा हवे तर.)

पेठेतला

मी कोल्हापूरचा असल्यामुळे क्लब गाव सोडून जातो म्हणजे नेमके काय होते, हेच मला आधी समजत नव्हते. आमच्याकडे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हे पेठांतल्या तालमी-मंडळांचे फुटबॉल संघ आहेत. बाहेरचे खेळाडू येतात, जातात. पण पाटाकडील तालीम दुसऱ्या गावाला न्यायची म्हटली, तर आधी अख्खी गल्ली टेम्पोत भरावी लागेल. तिथे मालक शोधायला जाल, तर कट्ट्यावर बसलेले पंधरा जण हात वर करतील.

मात्र जमाखर्चसाहेबांचा मुद्दा मला नाकारता येत नाही. तालमींच्या जिवावर व्यावसायिक लीग चालत नाही. आमचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला, पण त्याला पुढे पगार दिला तो जमशेदपूर, हैदराबाद अशा संघांनी. म्हणून माझे मत असे, की संघ वाढवायचे तर खालच्या लीगमधून वर चढवून वाढवावेत. तोवर दुसऱ्या पायरीवर आलेली आय-लीग जिंकून पंजाब एफसी २०२३ मध्ये आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग २०२४ मध्ये असेच वर आले, आणि त्यांना फ्रँचायझी शुल्क भरावे लागले नाही. असा संघ वर येतो तेव्हा त्याचे प्रेक्षक आधीपासून असतात, जाहिरात करून गोळा करावे लागत नाहीत. पुण्यानेही तिथूनच सुरुवात करावी.

जमाखर्च

पेठेतल्यांशी सहमत आहे, एक पुरवणी जोडतो. वर चढण्याची वाट असेल तर खाली उतरण्याचीही हवी, नाहीतर लीग नुसती फुगत जाते. ओहायोच्या कायद्याबद्दल एवढेच, की पुणे सिटी जिथे खेळायचा ते बालेवाडीचे क्रीडासंकुल सरकारी आहे, म्हणजे ‘करदात्यांच्या पैशाचा आधार’ ही अट इथेही सहज लागू झाली असती. स्थानिक खरेदीदार मिळाला असता का, याची मला शंका आहे.

बालेवाडीकर

सर्वांचे आभार. आमचा इतिहास कोणीच घेतला नाही, हे वाक्य वाचून थोडा वेळ काही सुचले नाही, पण ते बरोबर असावे. क्लीव्हलँडची पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते. २०२२ चा करंडक मी यापुढेही हैदराबादचाच म्हणेन, नोंदवही काहीही म्हणो. भाचा आता पुण्यातल्या स्थानिक स्पर्धांत खेळतो, त्याला हा धागा दाखवला. त्याचा प्रश्न एवढाच होता, की कोल्हापूरला फायनल कधी असते.

पेठेतला

तारीख ठरली की कळवतो. सामना चारला असला, तरी शाहू स्टेडियमवर दोनला या. उशिरा आलात तर सामना पाहुण्यांना लोकांच्या पाठी बघत ऐकावा लागतो.