आई थकली, भाऊ ४१ वर्षांचा आणि बौद्धिक दिव्यांग. सुरुवात कुठून करू? (डिचोली)

डिचोलीची लेक

नमस्कार. माझं माहेर डिचोली तालुक्यात, लग्न होऊन मी वास्कोला. घरी आई (वय ७३) आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, त्यानंतर घरात नियमित पैसा आलाच नाही. पुढे बाबाही गेले. आईला दयानंदचे (गोवा सरकारची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना) महिन्याला २,००० मिळतात. रेशनचा तांदूळ, कुळागरातली थोडी सुपारी आणि मी देते ते, यावर घर चालतं.

भाऊ जन्मापासून असा आहे. शाळेत पहिलीत बसवला होता, पण काही महिन्यांत मास्तरांनी घरी पाठवलं. तेव्हापासून घरीच. बोलतो, पण ते वाड्यावरच्यांनाच कळतं. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू ऐकला की पिशवी घेऊन धावतो आणि चार उंडे (पाव) घेऊन येतो. पोदेराने चुकून पाच दिले तर एक परत करतो. पैसे मात्र कळत नाहीत, दहाची नोट आणि पाचशेची नोट त्याला सारखीच. लहानपणी म्हापशाला आझिलो इस्पितळात केलेला एक कागद आहे, त्यावरची शाई उडाली आहे.

आता आईचे गुडघे गेले. या पावसात न्हाणीत पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही एवढंच नशीब, पण तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. आईच्या मागे त्याला मीच बघणार, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण माझ्याकडे कागद काय असणार? त्याच्या नावाने खातं उघडायला एका बँकेत गेलो तर तिथल्या बाई म्हणाल्या, ‘याला समजत नाही, गार्डियन आणा.’ आई म्हणाली, ‘मी त्याची आई.’ तर म्हणे तो अठराच्या वर आहे, आता आई असून चालत नाही. आई परत येताना बसमध्ये एक शब्द बोलली नाही.

हे गार्डियन म्हणजे कोर्टाचं काम का? वकील लावायला पैसे नाहीत. दिव्यांग कार्ड, त्याचं दयानंद, गार्डियन, यातलं आधी काय करायचं? ज्यांनी प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी सांगा. वेबसाइटवर बघा असं कृपा करून सांगू नका, ते सगळं वाचून झालं आहे.

फोंड्याची बाई (निवृत्त, विशेष शाळा)

ताई, कोर्ट नाही आणि वकीलही नको. नोकरीची सगळी वर्षं मी अशा घरांबरोबर काढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दिव्यांग प्रमाणपत्र. बाकी सगळं त्याच्यावर अडतं. जुना कागद फेकू नका, सोबत न्या, पण त्याच्यावर आता काम होणार नाही. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज भरायचा. जवळच्या सेवा केंद्रावर भरून देतात. मग तपासणी. बौद्धिक दिव्यांगांची तपासणी बांबोळीला मानसोपचार संस्थेत होते, गोमेकोच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) शेजारीच.

आता नीट वाचा, कारण इथेच बहुतेक आयांचं नुकसान होतं. तिथे बुद्ध्यांकाची चाचणी असते, पण त्याबरोबर घरच्या माणसाची मुलाखतही घेतात. तो रोजच्या जगण्यात स्वतःचं स्वतः किती करतो ते त्यातून काढतात आणि टक्केवारी त्या गुणांवर ठरते. सौम्य ठरला तर ५० टक्के, मध्यम ७५, तीव्र ९०. आणि आपल्या आया काय करतात? पोराची बाजू घेतात! चारचौघांत आयुष्यभर घेत आल्या, तीच सवय. ‘स्वतः जेवतो?’ ‘जेवतो हो.’ मासळीचे काटे कोण काढतं? ती. ‘आंघोळ?’ ‘करतो.’ पाणी किती कढत आहे ते कोण बघतं? ती. ‘दुकानात जातो?’ ‘जातो.’ तुम्ही लिहिलेलं ते उंड्यांचंच घ्या. चार मोजतो हे खरं आणि कौतुकाचं आहे, पण दारात ओळखीचा पोदेर आला तर. तिठ्यावरच्या दुकानात पाचशेची नोट देऊन त्याला पाठवाल का? हे दोन्ही सांगायचं. वाढवून काही सांगू नका, पण झाकूही नका. जाण्याआधी एका संध्याकाळी आईजवळ बसा आणि उठल्यापासून निजेपर्यंत ती त्याच्यासाठी काय काय करते ते लिहून काढा. आईला ते काम वाटतच नाही, म्हणून ती सांगत नाही.

४० टक्क्यांपासून पुढे कायद्याने लाभ मिळतात, म्हणजे सौम्य ठरला तरी तो बसतो. प्रमाणपत्र हातात आलं की दयानंदसाठी त्याचा अर्ज दिव्यांग गटातून करायचा. त्याला १५ वर्षांच्या रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला लागेल, तो मामलेदार कचेरीतून आधीच काढून ठेवा. आणि दरवर्षी हयातीचा दाखला, आईचाही आणि पुढे त्याचाही. तो द्यायचा राहिला की पैसे थांबतात आणि पुन्हा चालू करायला म्हाताऱ्या माणसाची फार दमछाक होते.

आता गार्डियन. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. तुमचं गाव उत्तर गोव्यात, म्हणजे अर्ज पणजीला. आई-वडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात आणि पालक (म्हणजेच गार्डियन) म्हणून कोणाचं नाव द्यायचं हे अर्ज करणारा ठरवतो, मान्यता समिती देते. माझं मत विचाराल तर आईने अर्ज करावा आणि नाव तुमचं द्यावं. आई आहे तोवर तिच्या तोंडून समितीला कळू दे की तिची मर्जी कोणावर आहे.

पालक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर वर्षी हिशोब. लोक याला कंटाळतात. मला वाटतं हे हवंच. ज्याला स्वतःला विचारता येत नाही त्याच्या वतीने कोणीतरी विचारलंच पाहिजे, मग समोर सख्खी बहीण का असेना.

या समितीचा दाखला बँकेला चालतो, तशा सूचना रिझर्व्ह बँकेनेच बँकांना दिल्या आहेत. कोणी अडवलं तर नकार लेखी मागा.

याच न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि ओपीडीचा खर्चही त्यात बसतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) कार्ड असलं तरी हेही काढा. ते कार्ड मोठ्या उपचारांना उपयोगी पडतं, दाताच्या डॉक्टरला नाही, आणि या मुलांचे दात फार दुखतात हो.

पेडण्याची आई

बाईंनी कागदांचं सगळं सांगितलं. मी घरातलं सांगते. माझी मुलगी २९ वर्षांची, तशीच.

ताई, तुमचा भाऊ आईला सोडून एखादी रात्र कुठे निजला आहे का? नसेल तर ते आजपासून चालू करा. आमच्याकडे मी ऑपरेशनला गोमेकोत होते तेव्हा मुलगी तीन दिवस जेवली नव्हती. नणंद ताट घेऊन मागे मागे फिरत होती, आणि कारण एवढंच होतं की मी पेजेत खारातली कैरी कुस्करून घालते, हे नणंदेला माहीत नव्हतं. त्या पोरीला सांगता येत नव्हतं. मी घरी येऊन कैरी घातली आणि तिने वाडगा रिकामा केला.

त्यानंतर मी वही केली. काय खाते, कशाला घाबरते (गडगडाट नाही, कुकरची शिटी), पाळीच्या दिवसांत काय करायचं, कोणत्या दुकानदाराशी बोलते, पोटात दुखलं तर हात कुठे लावते. वही देवघराच्या फळीवर असते आणि ती तिथे आहे हे शेजारणीला ठाऊक आहे. महिन्यातून एक रात्र ती आता नणंदेकडे निजते. सुरुवातीला रडली, आता स्वतः पिशवी भरते.

तुम्ही त्याला पुढे वास्कोला नेणार का गावातच ठेवणार, ते मला ठाऊक नाही. पण ज्याचं जग म्हणजे तो वाडा आणि तो पोदेर, त्याला आई गेल्यावर एका दिवसात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेऊ नका. आई आहे तोवर तिच्याबरोबर येऊ दे, राहू दे, परत जाऊ दे.

डिचोलीची लेक

बाई, तुमचं ते काट्यांचं वाचून मी आईला फोन केला. ती म्हणाली, ‘काटे काय, ते सगळ्याच आया काढतात.’ तो ४१ वर्षांचा आहे!

पेडण्याच्या आई, नाही, एक रात्रही नाही. बारशाला, लग्नाला, कुठेही गेली तरी आई संध्याकाळची परत येते. माझ्या बाळंतपणातही ती दिवसाचीच यायची. हे मी आज पहिल्यांदा असं एकत्र मांडून बघते आहे.

आणखी एक विचारायचं आहे. घर अजून बाबांच्या नावावर आहे. आईच्या मनात आहे की घर माझ्या नावे करावं, म्हणजे भावाला कोणी फसवणार नाही. तसं केलं तर चालेल का?

नोटरीकडे कारकून, म्हापसा

घाई करू नका. गोव्यात वारसा आपल्या कायद्याने चालतो. लग्न इथे नोंदलेलं असेल आणि वेगळा करार केलेला नसेल, तर मालमत्ता नवरा-बायकोची अर्धी-अर्धी. म्हणजे अर्धं घर मुळातच आईचं. बाबांचं जे अर्धं, ते तुम्हा दोघा भावंडांचं समान. भावाचा हिस्सा आईला कोणाच्याही नावे करता येणार नाही. स्वतःच्या वाट्याचंही मृत्युपत्राने अर्धंच मोकळेपणी देता येतं, उरलेलं अर्धं मुलांसाठी राखीव असतं, दिव्यांग मुलासाठीही.

भावाचा हिस्सा भावाच्याच नावे राहू द्या आणि बघणारा पालक कायदेशीर असू द्या. त्याचं संरक्षण त्यातच आहे. तुमची दानत चांगली आहे, पण तुमच्या मागे कोण असेल हे आज कोण सांगणार? इन्व्हेंटरीचं (वारसांत वाटणीचं) काम पालकाचा दाखला आल्यावर काढा, कारण तिथे भावाच्या वतीने कोणीतरी लागेलच. आईला मृत्युपत्र करायचं असेल तर ते उपनिबंधक कार्यालयात विशेष नोटरीसमोर होतं.

साखळीकर

आईसाठी एक नंबर लिहून ठेवा, १४५६७. ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे, एल्डरलाइन. आमच्या काकांच्या घरात वाद होता तेव्हा उपयोगी पडली. आणि न्हाणीत आधाराला दांडा आजच बसवा, गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. बाकी कागद होतील तेव्हा होतील.

फोंड्याची बाई (निवृत्त, विशेष शाळा)

साखळीकरांचं बरोबर, दांडा आधी.

ताई, भावाला दिवसा कुठे जाता येईल हेही विचारा. ४१ म्हणजे शाळेचं वय गेलं, पण मोठ्यांसाठी कामाचं प्रशिक्षण कुठे चालू आहे ते फोंड्याला ढवळीच्या लोकविश्वास प्रतिष्ठानात किंवा पर्वरीच्या संजय स्कूलमध्ये विचारलं तर कळेल. रोज डिचोलीहून जमणार नाही, हे मला कळतं. आठवड्यातून एक-दोन दिवस जरी घराबाहेर चार माणसांत बसला, तरी आईला तेवढी दुपार मिळेल. तिला गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे जायला वेळ कधी मिळाला आहे, हेही तिला एकदा विचारा.

डिचोलीची लेक

दांड्याचं आत्ताच वाड्यावरच्या गवंड्याला सांगितलं, रविवारी येतो म्हणाला. रविवारी मीही जाते आहे. त्या रात्री भावाला शेजारच्या काकींकडे निजवून बघणार, मी आणि आई घरातच असू. वहीही तेव्हाच चालू करते. बांबोळीची तारीख मिळाली की इथे लिहीन. मुलाखतीच्या वेळी आईबरोबर मी आत बसू शकते का?

फोंड्याची बाई (निवृत्त, विशेष शाळा)

विचारून बसा, बहुतेक वेळा बसू देतात. आईलाच बोलू द्या. ती ‘सगळं करतो हो’ म्हणाली की वही पुढे करा.