उभ्या गाडीखालचा डाग: गळतीचा उगम तुम्हाला कसा सापडला?

सकाळी गाडी पुढे घेतल्यावर जमिनीवर तळहाताएवढा ओला डाग दिसतो आणि आदल्या रात्रीपर्यंत गाडी तर विनातक्रार चालत असते. थेंब कशाचा, तो येतो कुठून आणि गाडी चालवावी की नाही, असे तीन प्रश्न एकदम उभे राहतात. ज्यांनी अशा गळतीचा उगम स्वतः किंवा मेकॅनिकच्या मदतीने शोधला आहे, त्यांनी तो कसा सापडला हे सविस्तर लिहावे, ही विनंती. 'सील बदलले, गळती थांबली' एवढ्यावर थांबू नये. आधी काय वाटले होते आणि खात्री कशावरून पटली, तेही लिहावे. सुरुवात मीच करतो.

माझ्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, त्या सांध्याच्या बरोबर खाली काळपट तेल ठिबकत होते. गॅरेजमध्ये गाडी वर उचलल्याबरोबर क्रँकचे (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील, म्हणजे तेल अडवणारे कडे, गेल्याचे सांगण्यात आले. सील लहानसे असले तरी तिथवर पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मी होकार देण्याआधी थोडा अवधी मागितला. थेंब जमिनीवर जिथे पडतो, तो तेलाच्या प्रवासाचा शेवट असतो. तेल वर कुठेतरी निसटते, धातूच्या अंगावरून ओघळते, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि खालची कड सापडली की तिथून सुटते. त्यामुळे सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा आधी पाहावी, हे मला तेव्हा पटले आणि आजही मी त्यावर ठाम आहे.

इंजिन थंड असताना अल्टरनेटर आणि वायरिंगचे जोड प्लास्टिकने झाकून मी सगळी जुनी चिकटी डीग्रीजरने काढली, पुसून कोरडी केली आणि संशयित भागांवर साध्या टाल्कम पावडरचा पातळ थर बसवला. वीस मिनिटे गाडी चालवून परत आलो. क्रँकच्या सीलकडचा भाग कोरडाच होता. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात मात्र, छोटा आरसा आणि टॉर्च धरल्यावर, पांढऱ्या पावडरीतून सुतासारखी बारीक तपकिरी रेघ खाली उतरताना दिसली. कव्हरचे गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, कडक होऊन आक्रसले होते. ते बदलल्यावर जमीन कोरडी राहिली आणि गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही. एक कळकळीची सूचना: नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, चाकांना अडसर लावून आणि स्टँडवर भार देऊनच खाली जावे.

*

माझी गळती कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची होती आणि ती फक्त थंडीच्या दिवसांत, तीही पहाटेच दिसत असे. मेकॅनिकसमोर इंजिन गरम असले की एकही थेंब पडत नसे, त्यामुळे दोन वेळा गाडी 'काही दोष नाही' म्हणून परत आली. मग मी रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा अंथरायला लागले. त्यावर पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवल्या, म्हणजे सकाळी पुठ्ठा ओढून घेतल्यावरही थेंब नेमका कोणत्या भागाखाली पडला हे सांगता येई. तीन रात्रींचे हिरवट डाग एकाच ठिकाणी, रेडिएटरच्या खालच्या होजखाली (रबरी नळीखाली) आले. बोटाला बुळबुळीत लागणारा आणि गोडसर वासाचा तो द्रव कूलंटच आहे, याबद्दल मग शंका उरली नाही.

होज बाहेरून चांगला दिसत होता. थंड इंजिनवरच रेडिएटरचे झाकण काढून तिथे प्रेशर टेस्टर बसवला आणि झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप मारला, तेव्हा क्लिपच्या कडेला थेंब धरताना मी स्वतः पाहिला. थंडीत रबर आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. सैल पडलेली क्लिप तेवढ्या फटीतून द्रव सोडत होती आणि इंजिन तापले की सारे फुगून फट पुन्हा बंद होत होती. क्लिप बदलली, प्रश्न मिटला. गरम इंजिनवर ते झाकण मुळीच उघडू नये. दाबाखालचा द्रव शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेला नसतो आणि दाब सुटताच वाफेसकट अंगावर येतो. शिवाय बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. त्याच्या गोडीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणातही त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून तो डाग तसाच वाळू देऊ नका, ताबडतोब भरपूर पाण्याने धुऊन काढा.

*

माझा अनुभव लहान आहे. थेंब स्वच्छ, बिनवासाचा, पाण्यासारखा होता आणि कागदावर टिपल्यावर डाग न ठेवता वाळला. ते एसीचे पाणी होते आणि ते पडायलाच हवे. खरी अडचण पुढच्या वर्षी आली, जेव्हा ते पडणे बंद झाले आणि चालकाशेजारच्या सीटसमोरची चटई ओली राहू लागली. पाणी बाहेर सोडणारी नळी कचऱ्याने तुंबली होती. सायलेन्सरच्या टोकातून थंड इंजिनवर पडणाऱ्या पाण्यालाही घाबरू नये; एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते.

*

पहिला अनुभव वाचून लिहावेसे वाटले, कारण माझ्या गाडीत सील खरोखरच गळत होते आणि ते दोनदा बदलूनही गळतच राहिले. दुसऱ्यांदा बदलल्यावर सहा आठवड्यांत पुन्हा थेंब दिसला, तेव्हा मी पुरता हताश झालो होतो. एका वयस्क मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण हळूच सैल केले आणि आतून स्पष्ट फुत्कार बाहेर आला. ते म्हणाले, "सीलचा दोष नाही साहेब, इंजिनला श्वास घ्यायला जागा नाही." पिस्टनच्या कडेने खाली उतरणारे वायू ज्या ब्रीदरच्या वाटेने परत इंजिनात ओढले जायला हवेत, त्या वाटेवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह काळ्या चिकट्याने पूर्ण बंद झाला होता. कोंडलेला दाब सर्वांत दुबळ्या जागेतून, म्हणजे सीलच्या ओठातून, तेल बाहेर ढकलत होता. व्हॉल्व्ह आणि नळी बदलून तिसरे सील बसवले. ते आजतागायत कोरडे आहे. दोन वेळा तेच सील बदलताना ते का गेले हे कुणी विचारले नाही, मीही नाही, याची खंत वाटते.

*

सर्व्हिसिंग झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मोठे तेलाचे थारोळे दिसले, तर आधी ऑइल फिल्टर पाहावा. आमच्या गाडीत जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनलाच चिकटून राहिले होते आणि त्यावर नवा फिल्टर चढवला गेला होता. तेलाचा दिवा लागण्याआधी इंजिन बंद केले, म्हणून ते वाचले.

*

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवरून ओघळलेला फिकट पिवळसर द्रव मला दिसला. तेल समजून मी दोन दिवस गाडी चालवली, हे लिहितानाही अंगावर काटा येतो. तिसऱ्या दिवशी पेडल नेहमीपेक्षा खोल गेले. बॉनेट उघडून पाहिले, तर ब्रेक ऑइल किमान खुणेच्याही खाली होते. गाडी उचलून नेण्याची व्यवस्था केली. ड्रम काढून व्हील सिलिंडरचे (चाकातला ब्रेक दाबणाऱ्या भागाचे) रबरी टोपण किंचित उचलताच आत साठलेला द्रव बाहेर आला. ब्रेक शू भिजल्यामुळे तेही बदलावे लागले. ब्रेक पॅड झिजल्यानेही ही पातळी सावकाश उतरते, त्यामुळे नुसत्या पातळीवरून गळतीचा निष्कर्ष काढू नये. पण चाकापाशी ओल आणि पातळीत घट अशी दोन्ही लक्षणे असतील, तर गाडी जागेवरून हलवू नये.

*

माझा शोध अजून पूर्ण झालेला नाही. कूलंटची पातळी महिन्याला दोन बोटे उतरते आणि पुठ्ठ्यावर एकही थेंब पडत नाही. डॅशबोर्डमधून गोड वास येत नाही, काचेवर चिकट धुके धरत नाही, म्हणजे डॅशबोर्डमागची, कूलंट फिरणारी हीटरची जाळी सध्या तरी संशयाबाहेर आहे. तेल भरायच्या झाकणाच्या आत साय जमलेली नाही, म्हणजे कूलंट तेलात मिसळत असल्याची खूणही नाही. काल इंजिनखालचे प्लास्टिकचे कव्हर उतरवल्यावर वॉटर पंपाच्या अंगावर, त्याच्या बारीक छिद्राखाली, गुलाबी वाळलेल्या क्षाराची बोटभर रेघ सापडली. ते छिद्र आतले सील झिजल्याची खूण बाहेर दाखवण्यासाठीच असते. थेंब तापलेल्या धातूवर वाळत असल्याने जमिनीपर्यंत पोहोचत नसावा. रेघ पुसून तिथे पावडर लावली आहे. या आठवड्यात गाडी रोजच्यासारखी चालवून रविवारी पुन्हा कव्हर उतरवणार आहे आणि जे दिसेल ते इथेच लिहीन.