मदत हवी आहे: गंगेकाठचं गाव, घरात सहा माणसं. पाणी सोडलं तर पिशवीत नेमकं काय घ्यायचं?

गंगाकाठी
नमस्कार मंडळी. गाव गंगाखेड तालुक्यात, गंगेपासून (आपल्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात) घर अंदाजे अर्धा किलोमीटर. जुनं माळवदाचं घर, पुढं पत्र्याची पडवी. आई-वडील, आम्ही नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचं बाळ. वडिलांना शुगर आहे, दोन वेळा इन्सुलिन लागतं. आईला बीपी. दोन म्हशी, एक कालवड. वाहन म्हणजे एक मोटारसायकल.

वरच्या धरणांतून पाणी सोडायलेत असा निरोप आला तर गावातल्या उंचावरच्या जिल्हा परिषद शाळेत जायचं ठरलंय. दोन-तीन दिवस काढावे लागतील असं धरलंय. नेटवरच्या याद्यांत तंबू, स्लीपिंग बॅग, डबाबंद मासे असलं काहीबाही आहे, ते आपल्या कामाचं नाही. कागदपत्रं, औषधं, खाणं आणि पाणी यांत काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि काय सोडायचं, एवढंच सांगा. ज्वारीची पोती माळवदावर चढवून ठेवावीत का?

बांधावरून
शेवटच्या प्रश्नापासून धरतो. माळवदावर पोतीही नकोत आणि माणसंही नकोत. झड लागली की माळवदाची माती पाणी पिते आणि जड होते. खालून भिंतीचा मातीचा गारा भिजून सुटतो, त्यात वर पोत्यांचं ओझं आलं तर सरा (छताचं आडवं लाकूड) मोडतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं माणसांवर आली, ते आपल्याकडं वेगळं सांगायला नको. पुरात ही घरं बऱ्याचदा पाणी ओसरताना पडतात, म्हणून उतार सुरू झाला की लगेच आत शिरू नका. पोती कुणाच्या तरी स्लॅबच्या घरात आधीच हलवा. नसेल जमत तर राहू द्या.

आता निघायची वेळ. घराची पायरी बघून ठरवू नका, गाव आणि शाळा यांच्यामधल्या ओढ्याकडं बघा. गंगा फुगली की ओढ्याचं पाणी गंगेत शिरत नाही, ते मागं रेटलं जातं. घर कोरडं असतानाच नळकांडी पूल पाण्याखाली जातो. तुमच्याकडं दोन आकडे बघायचे: जायकवाडी धरणाचा विसर्ग आणि माजलगाव धरणाचा. माजलगावचं पाणी सिंदफणा नदीतून तुमच्या वरच्या अंगाला गंगेला मिळतं. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर. दोन्हीकडून विसर्ग वाढवायलेत असं कळलं की त्याच दिवशी, उजेड असताना निघायचं. गुडघाभर वाहतं पाणी माणसाचे पाय उचलतं. मोटारसायकल तर त्याआधीच आडवी होते.

पिशवी अशी भरा की एक हात मोकळा राहील. पाठीवरची सॅक, मोठ्या माणसाला ७-८ किलोच्या वर नको. बाळ बायकोच्या पोटाशी लुगड्यानं किंवा ओढणीनं बांधलेलं, म्हणजे तिच्याकडं फक्त बाळाची छोटी पिशवी. वडिलांकडं काठी आणि औषधाची पिशवी, आईकडं खाण्यातलं हलकं काही. खरं ओझं तुमच्या एकट्याच्या पाठीवर येणार, हे धरूनच यादी छाटा. मुलीच्या दप्तरात तिचे एक जोडी कपडे, शिट्टी, आणि कागदाच्या चिठ्ठीवर घरच्या दोघांचे नंबर. ती चिठ्ठी पारदर्शक पिशवीत घालून फ्रॉकच्या आतून पिन लावा.

काळी_माती
कागदांचं मी सांगतो. सगळे कागद न्यायची हौस नको. सातबारा आणि आठ-अ ऑनलाईन निघतो, आधार पुन्हा मिळतं. मूळ प्रत न्यायची ती ज्याला पुन्हा काढताना दमछाक होते त्याची: खरेदीखत, जात पडताळणीचं प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मुदत ठेवीच्या पावत्या, सोनं तारण ठेवलं असेल तर त्याची पावती, बाळाचं लसीकरणाचं कार्ड. रेशन कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्सही चालते, पण जागा असेल तर मूळच घ्या. छावणीत आणि पंचनाम्यात या दोन्हींची विचारणा हमखास होते.

कागद चेनच्या प्लास्टिक पिशवीत घालायचे, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत उलटी, म्हणजे दोन्हींची तोंडं विरुद्ध बाजूंना. तोंड एकाच बाजूला ठेवलं की पाणी दोन्हींत शिरतं. झेरॉक्सची शाई पाण्यात पसरत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरच्या प्रतीचा मात्र निळा-काळा चिखल होतो, म्हणून झेरॉक्सच काढा. खरेदीखताला लॅमिनेशन करू नका. उगाच काही लोक करून ठेवतात आणि पुढं त्रास होतो.

निघण्याआधी मोबाईलवर एक-एक खोलीचा व्हिडिओ: फ्रिज, टीव्ही, कपाट, धान्याची पोती (मोजता येतील अशी), गोठा. बाहेरून चारही भिंतींचे फोटो. नंतर ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपले तलाठी, पंचनाम्याला येतात तेव्हा "काय होतं" याला तोंडी उत्तरापेक्षा हे कामाला येतं. फोटो तिथल्या तिथं गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवा. टॉवरची बॅटरी संपली की फोन नुसता टॉर्च उरतो.

त्याच कारणासाठी रोख पैसे. फोन-पे चालणार नाही. १०, २०, ५० आणि १०० च्या नोटा. पाचशेला सुटे कुणी देत नाही. दोन-अडीच हजार पुरे, दोघांत वाटून. दागिने सॅकमध्ये नकोत, कमरेच्या पिशवीत.

मात्रा
इन्सुलिनवर नीट लिहिते, कारण इथं चूक महाग पडते.

पहिली गोष्ट, वडिलांचं इन्सुलिन ४० चं आहे की १०० चं, ते बाटलीवर वाचा. भारतात बाटलीतलं बहुतेक वेळा ४० युनिट प्रति मिली, पेनचं काडतूस १०० चं. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला नारिंगी टोपीची. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजनं घेतलं तर अडीचपट डोस जातो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट झालं तर डोस अपुरा पडतो. छावणीत कुणी "आमच्याकडची घ्या" म्हणून सिरिंज दिली तर आधी टोपीचा रंग बघायचा. म्हणून आठवडाभराच्या सिरिंजा आपल्याच न्यायच्या.

वापरात काढलेली बाटली ३० अंशांच्या आत असेल तर साधारण चार आठवडे चालते. नेमके दिवस पाकिटातल्या कागदावर असतात. बर्फावर थेट ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं आणि पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नाही. बाटली चेनच्या पिशवीत, ती पिशवी लहान मडक्यात, मडक्याभोवती ओलं फडकं. मडकं सॅकमध्ये नेता येत नाही, तर स्टीलच्या डब्याला ओलं फडकं गुंडाळा आणि डबा सावलीत वारा लागेल असा ठेवा.

सोबत ग्लुकोज पावडर किंवा साखरेची पुडी, वडिलांच्या स्वतःच्या खिशात. जेवण उशिरा मिळतं आणि इन्सुलिन वेळेवर घेतलं जातं, तिथं शुगर घसरते. जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचा डोस घेऊ नये. आईच्या बीपीच्या गोळ्या सात दिवसांच्या, पाकिटासकट (सुट्या काढून डबीत नकोत, नाव कळत नाही). दोघांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीची झेरॉक्स, चष्मा.

ओआरएसची सहा पाकिटं. एक पाकीट एक लिटरला, अख्खं. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरला हा अंदाज चुकतो. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट. बाळासाठी बाटली नको, वाटी-चमचा न्या. बाटली उकळायला तिथं सोय नसते. वहिनींचे सॅनिटरी पॅड आणि बाळाची सुती लंगोटं प्लास्टिकमध्ये बांधून घ्या. ताप आणि जखमेचं सामान नेहमीचंच, त्यावर वेगळं लिहीत नाही.

बांधावरून
पाण्याचा हिशोब राहिला होता. माणशी दिवसाला ३ लिटर धरलं तर सहा जणांचे एका दिवसाचे १८ लिटर, म्हणजे १८ किलो. ते पाठीवर नेणं शक्यच नाही. प्रत्येकाकडं एक लिटरची बाटली (बाळाची सोडून) आणि जमलं तर पाच लिटरचा एक रिकामा कॅन. उरलेलं तिथं शुद्ध करायचं. गढूळ पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून उपयोग होत नाही, माती-कचराच क्लोरीन खाऊन टाकतो. आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी चार पदरी धोतरातून गाळा, मग गोळी. किती लिटरला एक ते पाकिटावर असतं. अर्धा तास थांबून प्यायचं.

खायला: धपाटे-दशम्या पहिल्या दिवसाला, सर्द हवेत दुसऱ्या दिवशी बुरशी धरतात. त्यापुढं कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे, गूळ. कडक भाकरी पंधरा-वीस पुरतात, पण डब्यात घ्या, पिशवीत चुरा होतो. शिजवायचं काहीही नको, म्हणजे तांदूळ-डाळ घरीच. मॅगी नेणारे भेटतात, पाणी कशावर तापवणार ते विचारा.

घर सोडताना मेन स्विच बंद, कोरड्या हातानं आणि पायाखाली ओल नसताना. इन्व्हर्टर असेल तर तोही वेगळा बंद करा, मेन पाडला तरी तो घरात करंट देत राहतो. गॅसचं रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि सिलिंडर खांबाला बांधा. भरलेलं सिलिंडरही पुराच्या पाण्यात तरंगतं, आणि तरंगताना नळी तोडतं.

वेसण
म्हशींचं कुणी बोललं नाही. जनावरं माणसांच्या आधी हलवायची, किमान अर्धा दिवस. शेवटच्या घाईत म्हैस पाण्याकडं बघून अडून बसते. म्हैस पोहते, कालवडीचा भरवसा नाही. अगदीच वेळ नसेल तर दावं सोडा, नाही सुटलं तर विळ्यानं कापा. दाव्याला बांधलेलं जनावर जागेवर बुडतं. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वाचता येईल असा फोटो काढून ठेवा. जनावर दगावलं तर पंचनामा आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत पुरू नका, नाही तर मदत अडकते.

गंगाकाठी
फार कामाचं सांगितलंत सगळ्यांनी. वडिलांची सिरिंज आत्ताच बघितली, लाल टोपी, बाटलीवर ४०. दोन शंका. पॉवर बँक १०,००० एमएएचची पुरेल का? आणि कालवडीच्या कानात बिल्लाच नाही.

काळी_माती
पुरेल. १०,००० ची असली तरी हाती सहा-साडेसहा हजारच लागतात, म्हणजे आजचा फोन सव्वा-दीड वेळा. एकच फोन चालू ठेवा, दुसरा बंद. सेलवर चालणारी टॉर्च वेगळी घ्या, सेल बाहेर काढून ठेवलेले. ११२, १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ कागदावर लिहून ठेवा.

वेसण
बिल्ला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात लावतात. पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची लस टोचायला नेता ना, त्याच दिवशी सांगा, दोन्ही कामं होतील. तोवर कालवडीचा डाव्या-उजव्या दोन्ही अंगांनी आणि कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यासकट फोटो काढून ठेवा.