सीओपीडीला सरसकट 'डी'ची पुडी कशाला?

कृष्णाकाठ, सांगली: गल्लीच्या ग्रुपवर सकाळी फॉरवर्ड आलंय: 'सीओपीडीच्या प्रत्येकानं आठवड्याला डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी घ्यावी, पंप सुटतो.' सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायमचा जडलेला दम, पंप म्हणजे औषध ओढायचा इनहेलर. तो सुटतो म्हणे! बेल्जियममध्ये ल्यूव्हेनला १८२ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१२ साली छापून आला. निम्म्यांना वर्षभर दर चार आठवड्यांनी एक लाख युनिट दिली. एकूणात दम उसळायचा तो उसळतच राहिला. फरक दिसला तो ज्यांचं डी मुळातच मिलिलीटर रक्तात १० नॅनोग्रॅमच्या खाली होतं त्यांच्यात. आधी रक्त तपासा, मग पुडी फोडा.

वहिनी_विटा: तपासा म्हणायला काय जातंय? त्या पैशात महिनोन्महिने पुड्या येतात. आमच्या सासूबाई पुडी सुरू केल्यापासून जिना चढायला लागल्या. जीवनसत्त्वच आहे, विष नाही.

कृष्णाकाठ: त्याच महिन्यात त्यांचा पंप बदलला, हे तुम्हीच मागं लिहिलं होतं. आणि 'जीवनसत्त्वच आहे' म्हणून फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेटवाल्यांवर बीटा-कॅरोटीनचा (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं त्याचा) प्रयोग केला. १९९४ चा निकाल: गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त.

पलूसचा_गडी: कसलं डी अन् कसलं बी! वडिलांनी जन्मात बिडी ओढली नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं बसून छाती गेली. आता हंगामात शेजारचा उसाचा फड पेटला की वाळत घातलेल्या धोतरावर काजळी, अन् रात्रभर खोकला. त्यावर लिहा की.

ऊसवाला_कराड: हे बरंय, शेवटी शेतकऱ्यावरच! पाचटाच्या उसाला तोडणीची टोळी हात लावत नाही. जाळला तर कारखाना वजनात कपात धरतो. आम्ही काय हौसेनं पेटवतो?

पलूसचा_गडी: कपात तुमची, औषधाची वाफ द्यायचं यंत्र, नेब्युलायझर, आमच्या घरात. पाचट कुट्टी करून सरीत कुजवणारे पण शेतकरीच आहेत.

ऊसवाला_कराड: कुट्टीचं यंत्र तुम्ही पाठवताय का? बोला तारीख.

सिस्टर_मिरज: भांडा निवांत. पण डीच्या नादात बाकीचं कुणी बघतंय का? श्वासनळी मोकळी करणाऱ्या सालब्युटामॉलची वाफ वरचेवर दिली की पोटॅशियम उतरतं, पाय गळाठतात, घरचे म्हणतात वय झालं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हाडं पोकळ होतात ती वेगळीच. तिथं डी आणि कॅल्शियम लागतं, ते दमासाठी नव्हे. आणि अशक्तपणा म्हणून बीट खाऊ घालण्याआधी हिमोग्लोबिन तरी बघा.

वहिनी_विटा: बरं बाई, सासूबाईंचं रक्त देते तपासायला. दहाच्या खाली आलं तर रिपोर्ट इथंच टाकणार, कृष्णाकाठांनी तेव्हा गायब होऊ नये.

कृष्णाकाठ: खाली आलं तर खुशाल द्या, डॉक्टरांना विचारून. मी पहिल्यापासून दुसरं काय म्हणतोय?

ऊसवाला_कराड: यंत्राचं कुणी बोललं नाही अजून.