मदत हवी आहे: पिकअपच्या हौद्यात एलईडी पट्टी, वायरिंग कसं करावं?

गाडी बोलेरो पिकअप, बॅटरी १२ व्होल्ट. नारायणगावच्या बाजारासाठी टोमॅटोचे क्रेट अंधारातच भरावे लागतात. खालच्या थरात फुटका माल गेला तरी दिसत नाही, म्हणून हौद्याच्या दोन्ही बाजूंना वरच्या कडेखाली एलईडी पट्टी लावायची आहे. एकूण ५ मीटर, मीटरला १४.४ वॅट, म्हणजे ७२ वॅट, साधारण ६ अँपिअर.

मागच्या पार्किंग लाइटवरून जोड दिला तर फ्यूज उडतो. बॅटरीवरून बारीक वायर ओढली तर पट्टी नुसती मिणमिणते. तीच पट्टी बॅटरीला टेकवली की लख्ख पेटते, म्हणजे दोष पट्टीत नाही.

आता बॅटरीजवळ १० अँपिअरचा फ्यूज, पुढे रिले (केबिनमधल्या छोट्या स्विचवर मोठा करंट चालू-बंद करणारा भाग), २.५ चौरस मिमीची वायर आणि केबिनमध्ये स्विच असा विचार आहे. गाडी चालताना दिवे बंदच ठेवणार. मागून येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड नको. हौदा प्रेशरच्या पाण्याने धुतो, आणि बॉडीला नवीन भोकं पाडायची नाहीत.

अर्थिंग (पट्टीची निगेटिव्ह वायर) मागे चॅसीवरच घेतलं तर चालेल, की बॅटरीपर्यंत वेगळी वायर न्यावी? आणि फाळक्याजवळच्या जोडात पाणी शिरू नये म्हणून तुम्ही काय वापरता?